गाव उघडा

दुधाटे गुरुजी चपला दुकानाबाहेर काढत. परभणीत स्टेशन रोडला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे; तिथं चपला काढून आत येणारं गिऱ्हाईक त्यांच्याआधी कधी आलं नव्हतं. आले की खुर्ची ओढत आणि म्हणत, "ताई, गाव उघडा."

गाव म्हणजे त्यांच्या कादंबरीची फाइल. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी चुडाव्याला एकटे राहत. दर गुरुवारी पॅसेंजरनं येत. पिशवीत आठवडाभर लिहिलेली पानं आणि फडक्यात बांधलेली भाकरी. लिहीत होते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी. गोष्टीतल्या गावात रोज सकाळी प्रत्येकानं चावडीवर जाऊन आपलं हसू, रडू, राग जमा करायचा. त्या बदल्यात गावात भांडण नाही, पोटभर जेवण. गावाभोवती भिंत आणि भिंतीला एकच फाटक. रेवा नावाच्या मुलीला एक दिवस रडू येतं आणि ती ते जमा न करता लपवून ठेवते, तिथून पुढं सगळं घडतं.

"गुरुजी, भांडण नाही, कटकट नाही," मी टाइप करता करता म्हणायचे. "मला पाठवा तिथं आठ दिवस."

"जाताल हो. पण परत यावं वाटणार न्हाई, हीच तर गोम हाय." मग चष्मा पुसत म्हणायचे, "लय शांत घर दिसलं की समजायचं, आत कुनीतरी तोंड दाबून बसलंय."

मुलांच्या पुस्तकात इतकं भयाण कशाला, असंही मी एकदा विचारलं.

"पोरांना भ्या दाखवायचं नसतंय, ताई. पण दार कुठं हाय ते सांगावं लागतंय. आमी न्हाई सांगितलं."

प्रुफं तपासायला त्यांनीच मला शिकवलं. दुकान माझं आणि हुकूम त्यांचा! खोडलेला मजकूर पुन्हा हवा असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची; म्हणजे खोडलंय ते विसरा, राहू द्या. "आमची सुषमा दहा वर्षांची असताना अशी टिंबं देत व्हती," एकदा बोलून गेले आणि घाईनं पुढचं पान काढलं.

सुषमा त्यांची एकुलती एक मुलगी. तिची हकिगत मला तुकड्यातुकड्यानं कळली. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. "रडून आई येती का?" म्हणत गुरुजींनी तिला चौथ्या दिवशी शाळेत बसवलं, स्वतःच्याच वर्गात. घरात मोठ्यानं हसणंही बंद झालं. पुढं तिला पुण्यात नोकरी लागली, तर यांनी परवानगी दिली नाही. तरीही ती निघाली. गुरुजींनी बॅग गाडीत चढवली आणि फलाटावर तिच्याकडं पाठ करून उभे राहिले. तेव्हापासून नऊ वर्षं दोघं बोलली नव्हती.

हे कळल्यावर ते गाव कुठलं आणि चावडीवरचा माणूस कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या गुरुवारी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्यांनीही मागितला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटच्या प्रकरणात फाटकाचा राखणदार रेवाचा बापच निघतो. तो कडी काढतो, ती बाहेर पडते. 'बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही.' हा मजकूर गुरुजींनी लाल पेनानं खोडला.

"चांगलं आहे की, राहू द्या."

"खोटं हाय ते. असल्या बापाचं रडणं कुनी पाह्यलेलं नसतंय." मग पानांची चळत माझ्याकडं सरकवून म्हणाले, "हे सुषमाकडं धाडा. चुका काढील."

"फोन करा ना."

"नंबर हाय, ताई. बोलायचं काय, ते सुचंना झालंय."

मी कुरिअर केलं. पुढचे सहा गुरुवार ते रिकाम्या पिशवीनं आले. "आलं का?" एवढं विचारायचे, कोपऱ्यातल्या बाकावर बसून भाकरी खायचे आणि गाडीच्या वेळेला उठायचे. मी कुरिअरवाल्याशी भांडून घेतलं, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

सातव्या आठवड्यात पाकीट आलं. मी फोडलं नाही. गुरुजी आले, त्यांनीच फोडलं. एकेक पान उलटत गेले. कुठंच खूण नव्हती.

"वाचलंच नसंल," ते म्हणाले.

शेवटच्या पानावर हात थांबला. खोडलेल्या मजकुराखाली, एकेका शब्दाखाली, लाल टिंबं होती. बाजूला समासात बारीक अक्षर: 'राहू द्या, बाबा. मी खिडकीतून पाहिलं होतं.'

"गाडी हलली म्हणून वळलो व्हतो मी," गुरुजी कसंबसं म्हणाले. "मला वाटलं, तिचा डबा गेला पुढं." मग पानं पाकिटात घातली. "पुण्याची गाडी कधी हाय, ताई?"

संध्याकाळी होती. अंगावरच्या कपड्यानिशी निघाले. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि पोचवायला गेले. ते तिकडे गेले ते लेकीकडचेच झाले. गुरुवारी माझ्या दारात आता चपला नसतात. पण हे सगळं मला फलाटावरच कळून चुकलं होतं. खिडकीशी बसून ते म्हणाले, "ते खोडलेलं लावा परत." मी बरं म्हटलं. गाडी हलली आणि मला एकदम भरून आलं. मी पाठ फिरवणार होते, तेवढ्यात आठवलं, खिडकीतून दिसतं.

मी तशीच उभी राहिले.