जोहराबीची मांजरं आणि कुशाबाचं पाप

पौडच्या पेठेत जोहराबीचं सुकटीचं दुकान होतं, आणि ते शोधायला पत्ता लागायचा नाही, नाक लागायचं. सर्दी झालेल्या माणसानं मांजरं बघायची. फळीवर दोन, पायरीवर एक, आणि बोंबलाच्या पाटीखालून नुसतीच शेपूट हलतीये ते आणखी एक. नवरा जैनुद्दीन जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कुणी सुस्कारा टाकून म्हणालंच की एकटी कशी गं राहतीस, तर जोहराबी मांजरांकडं हात करून म्हणायची, एकटी कुठली, ही वरात दिसत न्हाई व्हय तुला.

तोंडानं फटकळ आणि मनानं डूख धरणारी बाई. एकदा धोंडाबाईनं भर बाजारात म्हटलं की जोहराबीच्या सुकटीत वाळू असते. झालं. त्यानंतर धोंडाबाई दुकानासमोर उभी राहिली की जोहराबी दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत बसायची. पुढं धोंडाबाईची सून बाळंत झाली तेव्हा कुठं मूठभर सोडे दिले, ते पण सुनेच्या हातात, सासूकडं पाठ करून. अशी ती. माया करायची तर पदर फाटेपर्यंत, आणि राग धरला की धरला.

मांजरांना ती एका परातीत जेवू घालायची. भात, वर बोंबलाची डोकी शिजवून केलेलं पाणी. परात मध्ये, सगळी गोल. तिच्या माहेरी तसंच होतं, दस्तरखान अंथरायचा, मोठं ताट मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यातच हात घालायचा. वेगळं ताट मागितलं की आई विचारायची, कुणाशी भांडलीस? म्हणून नवीन मांजर आलं की पहिलं काम, त्याला परातीशी बसवायचं. पठाण नावाचा म्हातारा बोका गुरगुरायचा, त्याच्या डोक्यात टपली मारून ती म्हणायची, एका ताटात खाल्लं की वैर राहत न्हाई. आणि खरंच नाही राहायचं, दोन दिवसांत सगळी एकमेकांचे कान चाटत पडलेली.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीआधी एका सकाळी दुकान उघडायला आली तर पायरीवर पोतं. तोंड सुतळीनं बांधलेलं, आणि आत वळवळ. सोडलं तर तीन पिल्लं. एक पांढरं, एक काळं, एक राखाडी, डोळे चिकटलेले, ओरडून ओरडून आवाज गेलेले. जोहराबीनं पोतं टाकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. एवढ्यात समोरच्या बियाणांच्या दुकानातनं कुशाबा आला. शेजारी म्हणजे अगदी समोरासमोर, रोज सकाळी एकमेकांचं तोंड बघूनच धंदा सुरू. तो पायरीशी उकिडवा बसला, एका बोटानं काळ्या पिल्लाला डिवचलं आणि म्हणाला, "काय भाभी, कुटनं आली म्हणायची ही?"

हे वाक्य लक्षात ठेवा. जोहराबीनं तर ठेवलंच.

तिची राणी मांजर तेव्हा नुकतीच व्यालेली होती. जोहराबीनं ही तिन्ही पिल्लं राणीच्या कुशीत सरकवली, आणि राणी बिचारी, तिनं हुंगलं, चाटलं आणि पाजायला घेतलं. पांढऱ्याचं नाव मोती ठेवलं, काळीचं काळीच. राखाडीचं नाव ठेवायच्या आत ते मेलं. मग राणीची स्वतःची पिल्लं सुकायला लागली. खाती-पिती पिल्लं, पण अंगावर मांसच धरेना, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, अंग तव्यासारखं तापलेलं. सोनी गेली, बिजली गेली, टपोऱ्या गेला. शेवटी राणी स्वतः. फळीखाली जाऊन पडली आणि बोंबलाचा तुकडा नाकाशी धरला तरी मान उचलली नाही.

जोहराबीला पहिला संशय रमजानचा. त्याचं पण सुकटीचंच दुकान, पेठेच्या दुसऱ्या टोकाला. त्यानंच विष घातलं असणार! तिनं बोंबील भिजवलेल्या पाण्याची बादली नेली आणि त्याच्या गादीवर ओतली, सगळ्या पेठेदेखत. रमजान बिचारा कुराणावर हात ठेवायला निघाला. नंतर खरं काय ते कळल्यावर पण तिनं त्याची माफी मागितली नाही, म्हणाली, त्याची गादी तशीबी धुवायला झालीच हुती.

गुरांच्या सरकारी डॉक्टरनं मेलेल्या राणीच्या हिरड्या बघितल्या आणि सांगितलं की हे विष नाही, हे रक्ताचं काहीतरी दिसतंय, पण मला गाई-म्हशी कळतात. पुण्यात डेक्कनला एक दाबके डॉक्टर आहेत, परदेशात शिकून आलेत, मांजरांचं रक्त तपासायचं सामान त्यांच्याकडं आहे. उरलेली मांजरं घेऊन जा.

मग झाकणाच्या दोन टोपल्यांत चार मांजरं घालून जोहराबी यष्टीत बसली. भुकूम येईपर्यंत पठाणनं अख्खी गाडी डोक्यावर घेतली. कंडक्टर म्हणाला की कोंबड्यांना तिकीट पडतं, मांजराचं काय करायचं ते पुस्तकात नाही. मागनं कुणीतरी म्हणालं, बोक्याचं फुल्ल घ्या, मिशा हायेत. सगळी गाडी हसली. बावधन आलं, चांदणी चौक आला, जोहराबी काही हसली नाही. मांडीवर मोती होता आणि त्याचं अंग गरम लागत होतं.

दाबके डॉक्टरांनी चौघांचं थोडं थोडं रक्त काढलं, एका पट्टीवरच्या खळग्यांत ते टाकलं, वर फ्रीजमधल्या डबीतलं औषध घातलं आणि थांबायला सांगितलं. निळं झालं तर आजार आहे, नाही झालं तर नाही. जोहराबी बाकावर बसली आणि त्या छोट्या छोट्या खळग्यांकडं बघत राहिली. पठाणचं पाण्यासारखंच राहिलं. लंगडी नावाची म्हातारी मांजर होती तिचं पण. मोतीचं निळं झालं. काळीचं तर शाईसारखं निळं.

डॉक्टर नीट समजावून सांगत होते. मांजरांना होणारा रक्ताचा कॅन्सर म्हणा, त्याचा विषाणू असतो, माणसाला लागत नाही. आईच्या दुधातून पिल्लाला जातो, थुंकीतून जातो, चाटण्यातून, चावण्यातून. म्हाताऱ्या मांजरांचं अंग कधीकधी त्याला पुरून उरतं, पिल्लांचं नाही. औषध नाही. या दोघांना वेगळं ठेवा, बाकीच्यांची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करू. मग त्यांनी विचारलं, "जेवायची भांडी वेगळी आहेत ना प्रत्येकाची?"

"एका परातीत जेवत्यात," जोहराबी म्हणाली. "आमच्यात तसंच हाय."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. विषय बदलायला म्हणून ते म्हणाले की तुमच्या पौडचीच ही दुसरी केस, दसऱ्याच्या सुमारास एक दुकानदार आला होता. त्याची मांजर निळी निघाली आणि इथंच टेबलावर गेली. राखाडी मांजर, एक कान फाटलेला. घरी तिची तीन पिल्लं होती, त्यांनाही असणारच, मी त्यांना बजावून सांगितलं होतं की ती दुसऱ्या मांजरांत अजिबात मिसळू देऊ नका.

राखाडी, कान फाटका. भुरी. कुशाबाच्या आईची, रंभाबाईची लाडकी भुरी. सगळी पेठ ओळखायची तिला, फक्त तिची पिल्लं अजून कुणी बघितली नव्हती.

परतीच्या गाडीत जोहराबीच्या आत नुसती भट्टी पेटलेली. काय भाभी, कुटनं आली म्हणायची ही? माहीत होतं त्याला! बोटानं डिवचलं होतं त्यानं! आणि तिनं काय केलं, तर स्वतःच्या हातानं ते मरण राणीच्या कुशीत सरकवलं, स्वतःच्या हातानं परातीशी बसवलं. आईनं शिकवलेली माया होती ती, आणि त्या माणसानं तिचाच सुरा केला. रडायला येत होतं पण ती रडली नाही, कारण रडलं की राग विझतो, आणि तिला तो विझवायचा नव्हता.

तिनं ठरवलं. भुरी गेल्यावर कुशाबानं आईसाठी नवीन मांजर आणलं होतं, साळी. म्हातारी तिला मांडीवरनं खाली ठेवत नव्हती. ठीक आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी कुशाबा जेवून दुकानात लवंडला होता तेव्हा जोहराबी मोतीला पदराखाली घेऊन मागच्या दारानं रंभाबाईकडं गेली. जशास तसं. त्याच्या घरात पण फळीखाली मान टाकलेलं मांजर दिसू दे, मग कळेल.

रंभाबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण मांजर आलंय हे तिला म्याव करायच्या आत कळलं. "जोहरे, नवीन आणलंस व्हय गं? आण की हिकडं," म्हणाली, आणि चाचपडत बशीत दूध ओतलं. साळी आधीच तोंड घालून बसली होती. म्हातारीनं मोतीला उचललं आणि बशीपाशी ठेवलं. "प्या रं दोघं. साळे, सरक जरा, पाव्हणा आलाय."

मोतीनं मान खाली घातली. जोहराबी बघत होती. हेच तर बघायला आली होती ती. आणि मोतीची जीभ दुधाला टेकायच्या आत तिच्या हातानं फटकन बशी उडवली. सगळं दूध म्हातारीच्या लुगड्यावर.

दया-बिया काही नाही. तिला एकदम दिसलं की भोगणार साळी, रडणार म्हातारी, आणि कुशाबा? कुशाबा आणखी एक मांजर आणेल. म्हणून बशी उडवली. मग तिनं रंभाबाईला सगळं सांगितलं. पोतं, सुतळी, डॉक्टरनं बजावलेलं, राणी, सोनी, बिजली, टपोऱ्या, एकेकाचं नाव घेऊन. आवाज न चढवता. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हळू बोलताना ऐकलं असेल.

रंभाबाई लुगडं पुसत राहिली. तिच्या पिढीला काय सांगायला हवं! मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, नाहीतर सात जन्म सुटका नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "त्यानं मारली न्हाईत. तुझ्या हातून मारवली. ह्ये तर त्याहून वंगाळ."

आणि त्या दिवसापासून म्हातारीनं लेकाच्या हातचं अन्न सोडलं. चुलीवरचं नाही, दुकानाच्या पैशातलं नाही, नुसतं पाणी, ते पण शेजारणीकडनं. सून रडली, भावकी आली, तिनं तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी कुशाबा पेठ भरलेली असताना जोहराबीच्या पायरीशी उभा राहिला. चेहरा पडलेला. सगळ्यांसमोर कबूल केलं. म्हणाला, पिल्लं मारायचं धाडस झालं न्हाई, पाप लागतं. म्हटलं तुमच्यापाशी मरतील, तुमाला कुटं काशीला जावं लागतंय.



"आमच्यातबी मांजराचा जाब द्यावा लागतो, कुशाबा," जोहराबी म्हणाली. "वरती. तवा तू माझ्या शेजारी उभा ऱ्हाशील."

तो हात जोडून म्हणाला की आई मरंल, तुमी एक शब्द बोला तिच्याशी, तुमचं ऐकंल ती. काय पाहिजे ते मागा. जोहराबीनं जे मागितलं ते ऐकून लोक आधी हसले आणि मग हसायचे थांबले. मोती आणि काळी आता कुणात मिसळणार नाहीत. त्यांची भांडी वेगळी, जागा वेगळी. ती भांडी कुशाबानं घासायची. जेवण त्यानं भरवायचं, घाण त्यानं काढायची, दोन्ही वेळा, ती दोघं जगतील तोवर. आणि बसायचं त्यांच्यापाशी, ठेवून पळायचं नाही. मग तिनं रंभाबाईशी बोलायचं कबूल केलं, आणि बोलली. म्हातारी जेवली, पण वेगळ्या चुलीवर.

कुशाबा यायला लागला. पहिले काही दिवस नाकाला उपरणं लावून. जोहराबी फळीवर बसून बघायची, बारीक लक्ष ठेवून. हात नीट धुतला नाही तर परत पाठवायची. लंगडी चुकून तिकडं गेली की कुशाबाच धावून तिला उचलायचा. मोतीला ताप चढला तेव्हा तो मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत बसला होता, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, भाभी, जाऊ द्या आता, बदललाय बघा माणूस. भाभी सुकट तोलत म्हणायची, बदलू द्या की, मी कुटं नको म्हणतीय.

शिमग्याच्या आसपास मोती गेला. कुशाबाच्या मांडीवरच. त्यानंच टॉवेलात गुंडाळला, नदीकाठी खड्डा काढला, वर दगड ठेवले म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. परत आला तेव्हा ढोपरापर्यंत माती, डोळे लाल. दारात उभा राहून म्हणाला, "भाभी, झालं का आता?"

जोहराबीनं तागडीवरनं नजर उचलली नाही.

"काळी अजून जेवली न्हाई," ती म्हणाली. "हात धुऊन ये."