नकाशातली बोटभर फट

दोन शीट काही केल्या जुळेनात. डावीकडची कळव्याच्या एका गल्लीपाशी संपत होती, उजवीकडची खाडीच्या बांधापासून सुरू होत होती. स्क्रीनवर दोन्हींच्या मधे बोटभर काळी फट.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमच्या ठाण्यातल्या छोट्या ऑफिसला एका खात्याचं जीआयएसचं काम मिळालेलं. जीआयएस म्हणजे कागदी नकाशा कॉम्प्युटरमध्ये घालायचा, आणि त्यातल्या रेषेवर क्लिक केलं की रस्ता केवढा, पाइप कुठला, हे कळायला हवं. त्यासाठी डिजिटायझर नावाचं मोठं टेबल असायचं. त्यावर शीट चिकटवायची आणि हातातलं यंत्र रेषेवरून सावकाश फिरवायचं. मी दिवसभर तेच करायचे. एसीची घरघर, जाड पडदे, बाहेर ऊन आहे की संध्याकाळ झाली, पत्ता नाही. खाडीचा काठ गिरवता गिरवता मला चक्क चिखलाचा वास यायचा. रात्री डोंबिवलीला घरी डोळे मिटले तरी रेषा पुढे सरकतच असायच्या.

दोन्ही शीट वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी काढलेल्या. मधला तुकडा दुसरा काढेल असं दोघांनीही धरलं असणार. त्या तुकड्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. तिथे कोळ्यांची वाडी होती. तिथली हिरामावशी आमच्या ऑफिसच्या गल्लीच्या तोंडाशी मासे घेऊन बसायची. वाडीत नळ नव्हता. आमच्या नकाशावरून खात्याला बांधापलीकडच्या नव्या बिल्डिंगांसाठी पाइपलाइन टाकायची होती. नकाशात आलात की तुम्हालाही नळ मागता येईल, असं मी तिला एकदा बोलून गेलेले. झालं, तेव्हापासून रोज तेच.

"काय गो, आमची वाडी आली का तुझ्या नकाशान?"

"येईल मावशी."

"लवकर आण. कंबर गेली हंडे वाहून."

एका दुपारी मी तिच्याकडे गेलेले. भरतीची वेळ होती. वाडी अर्धी झोपेत. पाणी घरांच्या मागे येऊन गपचूप हलत होतं, दोरीवर मासळी सुकत होती. अंगणात बशीतून चहा पिताना मनात आलं, आत्ता मी बसलेय ती जागा कुठल्याच कागदावर नाही. फार छान वाटलं. मग जरा भीतीही वाटली. ऑफिसात परत आले तर त्या काळ्या फटीत मला दोरी दिसायला लागली, अंगण दिसायला लागलं.

मी कर्णिक सरांकडे गेले. ते आमचे बॉस.

"सर, तिथे सर्व्हे करायला हवा. दोन माणसं आणि एक टेप द्या."

"टेंडरमध्ये सर्व्हे आहे?"

"नाही."

"आणि डेमो सोमवारी. एजमॅचिंग मार."

एजमॅचिंग म्हणजे दोन शीटच्या कडा सॉफ्टवेअरने जुळवणं. केसाएवढी चूक असेल तर ठीक.

"सर, अख्खी वाडी आहे तिथे."

"अगं, शीटवर आहे का?"

"नाही."

"मग क्लायंटच्या लेखी नाही."

त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली आणि की दाबली. उजवी शीट हळूच सरकली, डावीला चिकटली. आवाजसुद्धा झाला नाही. मला असा राग आला की त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

सोमवारी डेमो झाला. खात्याचे इंजिनीअर साहेब खूश. म्हणाले, "वा, जोड कुठे आहे ते कळतसुद्धा नाही." कसं कळणार? पुढे कितीतरी दिवस मी लांबच्या रस्त्याने ऑफिसला जायचे, मावशी भेटू नये म्हणून.

मग एका दुपारी साहेबांचा फोन आला. रस्त्यापासून बांधापर्यंतचं पहिलं काम सुरू झालेलं. पाइप आमच्या नकाशावर मोजून आणलेले, आणि ते गल्लीच्या टोकाला संपले.

"अहो मॅडम, तुमच्या नकाशात इथे बांध आहे. इथे तर एक बाई मासे सुकवतेय."

मी खुर्चीत बसल्या बसल्या हसायला लागले. फोनवर हात ठेवला, पण त्यांना ऐकू गेलंच.

वाढीव पाइपला नवी मंजुरी हवी. फाइल वर गेली, ती वरच राहिली. पाइपचं उघडं तोंड मातीने बुजवायला माणसं आली तर मावशी आडवी उभी राहिली. "पानी दाराशी आणलं ना, आता नळ लाव नि मग जा." वाडीतल्या सगळ्या बाया तिच्यामागे. लावला त्यांनी नळ. पुढे यथावकाश मंजुरी आली, पाइप बांधाकडे गेला, पण नळाला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

आमचा प्रोजेक्ट मात्र बुडाला. कॉम्प्युटरच्या नकाशाचा भरवसा नाही म्हणत खातं जुन्या निळ्या कागदी प्रिंटांकडे परत गेलं. जीआयएस का फसतं यावर मी नंतर पुष्कळ भाषणं ऐकली. सॉफ्टवेअर, ट्रेनिंग, बजेट. असेल. माझ्यापुरतं सांगते, स्क्रीनवर जमीन गिळता येते, मग जागेवर तेवढाच पाइप कमी पडतो.

हिरामावशीने एकदा मला हाक मारून थांबवलं आणि पिशवीत खाडीतली ताजी बोयटं घातली. पैसे घेईना.

"तू बोललेलीस ना, नकाशान आली की नळ येल. आला बघ."

वाडी नकाशात नव्हती म्हणूनच आला होता. मी पिशवी घेतली आणि म्हटलं, "हो मावशी, आला."