जिभेवरचा सुदान

आमचे उस्ताद माती खायचे. मूठभर नव्हे, पण सुदानहून तिळाचा नमुना आला, की पिशवीच्या तळाची धूळ बोटावर घेऊन जिभेला लावत आणि डोळे मिटून बसत. "जीभ को चिपका, तो गदारिफ. दांत में किरकिर, तो कोर्दोफान." दुबईत, देऱ्यातल्या आमच्या तीळ-व्यापाराच्या ऑफिसात लॅबचा रिपोर्ट चार दिवसांनी यायचा आणि निमूटपणे उस्तादांचंच म्हणणं सांगायचा.

गदारिफ पूर्वेकडचं. जमीन काळी, चिकण. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात अख्खा ट्रक गिळते, पण ओल धरून ठेवते, म्हणून पांढरा तीळ तिथला. पश्चिमेचं कोर्दोफान रेताड. पाऊस कमी, पडेल तोही झिरपून जातो. तिथे तिळासोबत भुईमूग, कलिंगडं आणि बाभळीचा डिंक. आमच्याकडेही अशीच काळी माती आहे, आम्ही तिच्यात कापूस लावतो, असं मी एकदा बोलून गेलो. गदारिफच्या उस्तादांनी मला जागच्या जागी सुदानी करून टाकलं. "हबीबी, फिर तुम मेरा गाववाला!"

दोन हजार आठच्या पडझडीत आम्ही सगळे स्क्रीनवरचे भाव बघत नखं खात होतो. उस्ताद मात्र गदारिफला फोन लावून शेवटचा पाऊस कधी झाला ते विचारत. "भाव आदमी बनाता है. माल बारिश बनाता है."

डिसेंबरात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "एक महीने में उस्ताद का काम सीख लो. फिर एक ही आदमी रखेंगे. उनको अभी मत बोलना." माझी मुलगी चौथीत होती. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, वर्षाच्या मध्यात शाळा सुटणार. मी मान डोलावली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

उस्तादांनी शिकवताना हातचं काही राखलं नाही. मी घाईने चूळ भरायला उठलो, की दटावत, "बैठो! पहले सोचो, बाद में पानी." महिन्याभरात दहापैकी आठ नमुने मला बिनचूक ओळखता यायला लागले. आठवा जमला तेव्हा त्यांनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला आणि मी माझा कप भरलेलाच ठेवून दिला.

शेवटच्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "उस्ताद, मेरे को आपकी जगह के लिए बिठाया था. मैंने छुपाया."

ते टेबलाचा खण आवरत होते. मान वर न करता म्हणाले, "मालूम. साहब ने पहले मेरे को पूछा, किसको सिखाएगा? मैं तेरा नाम दिया. मेरे को मालूम है, ये तेरे को नहीं बताने का, वो भी मैं ही बोला. मेरा बच्चा लोग बडा हो गया. तेरी बेटी छोटी है."

मी तिथेच, सगळ्या ऑफिसदेखत, रडलो.