आटाचक्कीचं इंग्रजी

चक्कीतून पीठ पडायला वेळ लागतो, आमच्या ऑफिसात किस्से मात्र बसल्या बसल्या पडतात! झाशीत आम्ही घरगुती आटाचक्क्या बनवतो आणि प्रत्येक चक्कीसोबत जाणारा इंग्रजी सूचनांचा कागद मी लिहिते. गिऱ्हाइकं सगळी मोठ, मऊरानीपुर अशा आसपासच्या गावांची, मग इंग्रजी कशाला? आमचे मालक सेठजी म्हणतात, "बिटिया, कागज अंग्रेजी में हो तो मशीन महँगी लगती है!"

*

माझ्याआधी हे काम दुबेजींकडे होतं. गिऱ्हाइकाला हुकूम सोडणं त्यांच्या संस्कारात बसेना. त्यांनी लिहिलं, 'इफ यू फील प्रॉपर, काइंडली स्विच ऑफ द मोटर.' मोटर जाळून घेतलेले एक मास्तर भांडायला आले. दुबेजींनी ती ओळ दाखवली.

"पढ़ी थी जी," मास्तर म्हणाले. "हमें प्रॉपर नहीं लगा!"

*

दुसरी करामतही त्यांचीच. पाचवी स्टेप, झाकण उघडा. सहावी, पण त्याआधी चक्की बंद करा! एक माणूस नखशिखांत पिठाने माखून थेट मोठहून बसने आला. सेठजी म्हणाले, "भैया, आप कौन?"

सेठजींचा सख्खा मेव्हणा होता.

*

मग काम माझ्याकडे आलं. कागद आधी घरी तपासायचा, असं मी ठरवलं. काकूला इंग्रजी छान येतं, पण चक्की तिनं कधी चालवली नव्हती. 'पोअर द व्हीट', म्हणजे गहू ओता, एवढं वाचलं आणि बाई ताट घेऊन गहू निवडायला बसल्या! मग धुतले, मग गच्चीवर वाळत घातले.

"काकू, हे कागदात कुठंय?"

"अगं, लिहायचं राहिलं असेल तुझं. मी समजून घेतलं!"

*

आणि मग चेन्नईचे एक व्यापारी साहेब आले. हिंदीचा गंध नाही. त्यांची अट एकच, कोणी बोलायचं नाही, नुसता कागद वाचून चक्की चालली तर मोठी ऑर्डर. सेठजींनी मला आधीच सांगून ठेवलं, "नहीं चली, तो बिटिया, पढ़ाने को कोई स्कूल देख लेना." मला ही नोकरी मनापासून आवडते हो!

साहेबांनी एकेक स्टेप बोट ठेवून वाचली. प्लग लावला, गहू ओतले, झाकण घट्ट केलं, बटण दाबलं.

लाइट गेली!

भर जूनची दुपार. पंखा थांबला. अट म्हणजे अट, कोणी तोंड उघडेना. दुबेजींनी डोळेच मिटून घेतले. साहेबांनी बटणाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. कागदात लिहिलं होतं, 'द मोटर विल स्टार्ट.'

त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या त्या ओळीच्या वर काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

'सिट डाउन. हॅव टी. वेट फॉर करंट.'

मग बाकीचा कागद पास झाल्यासारखी, करंट यायच्या आधीच, रुमालाने घाम पुसत त्यांनी ऑर्डरवर सही केली.