आखाजीला भरलेली तिसरी घागर

आधीच सांगते — भुताखेताचं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून जाते. जळगावच्या शाळेत सायन्स शिकवते, अंगारे-धुपारे मला सोसत नाहीत. तरीही हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

धाकट्या भावाच्या, प्रशांतच्या, पाठीच्या मज्जारज्जूत गाठ निघाली. पाय जड पडायचे, पण गाडी चालवायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — बायोप्सी करून तुकडा तपासला तर नेमकं औषध देता येईल, पण तो काढताना पाय कायमचे जाऊ शकतात... नाही काढला तर सगळा अंदाजाचा उपचार. घरात नुसता खल. त्याची बायको सविता म्हणे करा, आई म्हणे चालतोय तेवढा चालू द्या. शेवटी प्रशांतच म्हणाला, करून टाकू. आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची, तारीख मिळाली.

आखाजीला मी माहेरी, धुळ्यात देवपूरला आले. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरून पुजतात. आमच्या दोन, आजोबांची अन् आजीची. एखादी तडकली तर असू द्यावी म्हणून सविताने तिसरी आणलेली, ती कोपऱ्यात पालथी. पूजा झाली, आम्ही चौघं आत जेवलो. बाहेरच्या खोलीत येतो तर तिसरी घागर सुलटी, काठोकाठ भरलेली... वर ओलं कुंकू. दाराला आतून कडी. जेवताना कुणी उठलंसुद्धा नव्हतं, शपथेवर सांगते.

आईने ती प्रशांतचीच धरली. "मना पोऱ्याले कोठेच लई जावानं नही," पोराला कुठेच न्यायचं नाही, एवढंच म्हणाली. सविता भांडली, मी भांडले. पण प्रशांतनेच तारीख रद्द केली.

दिवाळीपर्यंत त्याचे पाय गेले. मग झक मारत बायोप्सी केली. तिने काहीच बिघडलं नाही. रिपोर्ट आला — क्षयाची गाठ. वेळेत कळलं असतं तर बहुतेक गोळ्यांनीच विरघळली असती, डॉक्टर म्हणाले. आईने ते ऐकलं अन् अन्नच टाकलं. संक्रांतीआधी गेली.

यंदा आखाजीला तिच्या नावाची घागर भरली. प्रशांत पलंगावरून बघत होता.

"ताई, तेव्हाची ती माझी नव्हतीच ना गं?"

उगाच काहीतरी बोलू नको, जेव, म्हटलं मी. ती कुणी भरली, मला आजही सांगता येत नाही. पण भरायचीच होती तर कुणाची ते तरी सांगायचं होतंस, मेल्या.