मयताच्या हाती निरोप

आतेनीच्या खोऱ्यात कुणी गेलं की पिरिम्झेला बोलावणं यायचं. मयतावर रडणं हा तिचा पेशा. पेशा म्हटलं की लोकांना त्यात खोटेपणा दिसतो. पण त्यांनी तिचं रडणं ऐकलेलं नसतं. मयताच्या कानाशी वाकून ती सुरात निरोप सांगायची, आधी गेलेल्यांसाठी. तुमच्या सुनेला मुलगा झाला, यंदा द्राक्षं बरी आली. मयत ते पोचवतं, याबद्दल खोऱ्यात कुणालाच शंका नव्हती.

स्वतःच्या लेकाला, शिओला मात्र तिनं अकरा वर्षांत एकही निरोप धाडला नव्हता. इराणच्या शहानं इथल्या राजाचा मुलगा ओलीस म्हणून इस्फहानला नेला, तेव्हा सोबतीला शिओ गेला. पुढे काही खबर नाही. बायका म्हणायच्या, मावशी, आता तरी त्याचं नाव घे. ती त्यांच्या अंगावर धावून जायची. निरोप मेलेल्यांना जातो, जित्याला कशाला?

म्हातारी गुलकान गेली त्या दिवशी खुद्द राजा तिच्या दारात आला. लहानपणी गुलकाननं त्याला दूध पाजलं होतं, न येऊन कसं चालेल? राज्य टिकवायला बिचाऱ्यानं धर्म बदलला होता, नाव बदललं होतं, आणि शहाचा कारभारी सतत पाठीशी असायचा. मुलगा खुशाल आहे, असं हाच कारभारी दर महिन्याला हसून सांगायचा. त्याला इथली भाषा येत होती, रीत माहीत नव्हती.

राजा मयताशेजारी जमिनीवर बसला.

"पिरिम्झे," तो म्हणाला, "गुलकानजवळ माझ्या लेकालाही निरोप दे. म्हणावं, बाप बरा आहे."

बायकांना काय ते कळलं. कारभाऱ्याला ती बापाची माया वाटली, त्यानं कौतुकानं मान हलवली. विचारू नये असं वाटत असतानाच पिरिम्झेनं विचारलं, "आणि त्याच्या सोबत्याला, महाराज?"

राजानं तिच्याकडे पाहिलं नाही. "दोघं बरोबरच आहेत, आई."

तिनं आधी राजाचा निरोप सांगितला, रीतीप्रमाणे. मग ती पुन्हा मयताच्या कानाशी वाकली. सूर लागेना, म्हणून शेवटी साधंच बोलली.

"शिओ, सगळ्यांना निरोप येत होते आणि तुला कुणी काहीच सांगत नव्हतं. मी इथंच होते रे बाळा."