अकरा एकांचा आकडा

स्वतःचं आयुष्य नासवायला लोक जुगार खेळतात, निवडणुकीला उभे राहतात. पण त्यासाठी एक आकडा निवडणारा माणूस मी उभ्या वर्धा जिल्ह्यात एकच पाहिला. ते नालवाडीतले आमचे शेजारी काकाजी. देवळीच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते. शाळेत गुरुजींनी भागाकारावरून भर वर्गात त्यांची अब्रू काढली होती. त्याचं उट्टं काढायला त्यांनी पंचेचाळिशीत, म्हणजे एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ओळीने अकरा एक लिहिले आणि जाहीर केलं की या आकड्याला कशानेच भाग जात नाही. "पाच एक लिहा, एक्केचाळीसनं फुटतात. सात एक दोनशे एकोणचाळीसनं. पन हा गडी कोनाले आयकत नाई!" हे ते देवळीच्या बसमध्ये शेजारी बसेल त्याला ऐकवत.

आता नुसतं म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. स्वतः न फुटणारी एकेक संख्या घेऊन भागून बघायचं, तेही आकड्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एक लाख पाच हजारांच्या पुढे जाईपर्यंत. काकाजींनी रोज सकाळी एक भागाकार असा नेम धरला. सत्तावीस वर्षांचं काम. महिन्याचे आकडे आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत मांडलेले असत. वहीत मुंडकं खुपसून बसले की काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "चहा थंडा होऊन राह्यला जी! त्या आकड्याले पाजू काय?" काकाजी तो नेहमी गारच प्यायचे. सुटी फक्त पोळ्याला. "बैलाच्या मानेवर जू नाई त्या दिवशी, मंग माह्या काऊन?" पोळ्याचा आकडा दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जोडीने उरकायचा.

तेरा वर्षं झाली होती. मी नागपूरला बीएस्सी करत होतो आणि मला अक्कल फुटली होती. सुटीत आलो तेव्हा काकाजींनी कौतुकाने जुन्या वह्या दाखवल्या. एका पानावर एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास असा आकडा, खाली 'आज पोळा', आणि पुढे काहीच नाही. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल सजवण्याच्या गडबडीत तो राहून गेला होता. मी हौसेने पेन्सिल घेतली. बाकी शून्य आली.

काकाजींनी स्वतः तीनदा भागून पाहिलं. सहा वर्षांपूर्वीच सारं संपलं होतं, आणि ते रोज सकाळी उठून भागत राहिले होते. मी शहाणपणाने म्हणालो, "काकाजी, दुसरा आकडा घ्या नं."

"घेतला असता," ते म्हणाले. "पन आता अठ्ठावन्न झाले मले." मग वही मिटत त्यांनी विचारलं, "उद्या सकायी काय करू मी?"

माझा भागाकार बरोबर होता याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी उभा होतो. काकूंनी सवयीने चहाशेजारी वही ठेवली. काकाजींनी ती बाजूला सरकवली आणि चहा गरम असतानाच पिऊन टाकला.